करामत खरी असती, तर तिची खूण कुठं सापडली असती?

पाटी_खडू (धागाकर्ती)

मंडळी, थोडी मदत पाहिजे. मी औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन आहे. सोडा आणि लिंबाच्या रसाचा ज्वालामुखी दरवर्षीच होतो. यंदा लेकरांच्या डोक्यात आधीपासून जे बसलंय तेच हाती घ्यायचं ठरवलंय: सिनेमातल्या, गोष्टीतल्या, मोबाइलवर बघितलेल्या करामती. कुणी पाय आपटला की धरणी हादरते, कुणी हवेत हात फिरवून पाणी काढते, कुणी दिसेनासाच होतो.

"हे खरं नसतं" एवढं सांगून त्यांना गप्प बसवणं मला पटत नाही. त्यात विज्ञान कुठंच येत नाही, नुसता मोठ्यांचा धाक येतो. म्हणून वर्गात एक नियम केलाय: प्रत्येक गोष्टीला एक चमत्कार माफ. तो कसा झाला हे विचारायचं नाही. पण तो झाल्यावर पुढचं सगळं आपल्या जगाच्या नियमानं चाललं पाहिजे. ऊर्जा आली कुठून, गेली कुठं आणि मागं खूण काय राहिली, एवढंच विचारायचं.

एच. जी. वेल्स यांच्या १८९७ च्या कादंबरीतला माणूस अदृश्य होतो. माफ. प्रकाश त्याच्या अंगातून न वळता, न अडता आरपार जातो. मग डोळ्यांतूनही आरपारच जाणार. आपल्याला दिसतं ते डोळ्यातलं भिंग प्रकाश वळवतं आणि मागचा पडदा तो शोषून घेतो म्हणून. म्हणजे पूर्ण अदृश्य माणूस ठार आंधळा. त्याला दिसायचं असेल तर डोळ्यांच्या जागी दोन काळसर ठिपके हवेत फिरताना लोकांना दिसणारच. एका मुलीनं फळ्यावर किरण काढून हे स्वतः दाखवलं, तेव्हापासून वर्ग पेटलाय.

आपल्या भागातल्या करामती सुचवा. गणित नववीला झेपेल एवढंच असावं.

मांजराकाठ

बाई, ज्यूल व्हर्नची तोफ घ्या. १८६५ ची कादंबरी. फ्लोरिडातून तोफगोळ्यात बसून तीन माणसं चंद्राकडं निघतात. वेग त्यानं जवळपास बरोबर धरलाय. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला सेकंदाला ११.२ किलोमीटर लागतात. घोळ आहे तो नळीच्या लांबीत. नळी ९०० फूट, म्हणजे २७४ मीटर. एवढ्याशा अंतरात शून्यावरून तो वेग गाठायचा तर त्वरण गुरुत्वाच्या सुमारे २३ हजार पट होतं आणि सगळा खेळ सेकंदाच्या विसाव्या भागात आटोपतो. ६० किलोच्या माणसावर जवळजवळ १४०० टनांचा भार. व्हर्ननं धक्का शोषायला तळाशी पाण्याचा थर ठेवला होता, पण एवढ्या भाराला तो कुठं पुरणार?

लेकरांना उलटं गणित जास्त आवडेल. माणूस काही मिनिटं सोसेल असं, गुरुत्वाच्या पाचपट त्वरण धरा. नळी किती लांब लागेल? सुमारे १२८० किलोमीटर. तोफेचं बूड लातूरला ठेवलं तर तोंड दिल्लीच्या पुढं निघतं. रॉकेटला मिनिटं घेऊन वेग का वाढवावा लागतो ते यातून आपोआप कळतं.

उमरगेकर

पाय आपटून धरणी हादरवण्याचं मी करून दिलं असतं, पण आधी एक विनंती. तुमच्या वर्गातल्या कितीतरी लेकरांच्या घरी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसं गेलेली असतील. गणपती विसर्जनाची रात्र होती, लोक दमून झोपले होते, चारला चार-पाच मिनिटं कमी होती. तेव्हा हा भाग हसण्यावारी नेऊ नका.

आता हिशोब. किल्लारीचा भूकंप ६.२ रिश्टरचा धरला तर लहरींतून बाहेर पडलेली ऊर्जा साधारण १ लाख २६ हजार अब्ज ज्यूल येते. १०० किलोच्या नायकानं एका पायात एवढी ऊर्जा आणायची तर तो सेकंदाला सुमारे १६०० किलोमीटर वेगानं जमिनीवर आदळला पाहिजे. तो वेग माफ करा. तरी भूकंप होत नाही! एवढ्या वेगानं आदळलेली वस्तू तिथंच फुटते, वितळते आणि जमिनीत खळगा पडतो. बहुतेक ऊर्जा त्यातच संपते, लहरींच्या वाट्याला फार थोडी येते. जालन्याची हद्द ओलांडली की लोणार आहे, तिथं हेच बघायला मिळतं. १.८ किलोमीटर रुंदीचा गोल खळगा, काळ्या पाषाणात.

भूकंपाची खूण निराळी असते. जमिनीखाली दाबलेला खडक एका फटीवर सरकतो आणि लहरी निघतात. किल्लारीजवळ ती भेग वर जमिनीवर उमटलेली होती. आणि माणसं मेली ती धक्क्यापेक्षा घरांमुळं: दगड-मातीच्या जाड भिंती, आत चुना नाही, बांधणारा दगड नाही, वर मातीचं जड माळवद. नायकाच्या पायापेक्षा लेकरांना हे नीट समजलं तर मला जास्त बरं वाटेल.

पाटी_खडू

उमरगेकर दादा, हा भाग तुम्ही सांगितला तसाच घेईन. दोन प्रकारच्या भिंतींचे नमुने करून हलत्या पाटावर ठेवायचे ठरवते.

वेरूळ_फाटा

आमच्याकडची करामत मोठी आहे आणि ती सिनेमातली नाही. मी वेरूळला लेणी दाखवतो. कैलास लेण्यासमोर उभं राहून हल्ली किती लोक विचारतात, "हे परग्रहावरच्या लोकांनी केलं ना? किरणांनी कापलं ना?" मोबाइलवर पाहिलेलं असतं. आकडाही पाठ असतो: दोन लाख टन दगड, १८ वर्षं, माणसाला शक्यच नाही. मला राग येतो, पण रागाला कुणी उत्तर मानत नाही. हे तपासून द्या.

टाकीचा_घाव

हे माझ्याकडं द्या. आमच्या घरात आजोबांच्याही आधीपासून टाकी, म्हणजे दगड घडवायची छिन्नी, चालते. पाटे, वरवंटे, जाती, नंतर खदान.

दोन लाख टन आणि १८ वर्षं, दोन्ही धरून चालू. काळा पाषाण घनमीटरला साधारण २.९ टन. म्हणजे ६९ हजार घनमीटर. आवार सुमारे ८२ मीटर लांब, ४६ मीटर रुंद, मागचा कडा ३० मीटरच्या वर, पुढं उतार. म्हणजे आकडा वावगा नाही. वर्षाला ३०० दिवस काम धरा. रोज निघाले १३ घनमीटर, म्हणजे साडेचारशे घनफूट. एक माणूस हातोडा-टाकीनं दिवसाला एकच घनफूट काढतो असं धरा, मी मुद्दाम कमी धरतोय. साडेचारशे माणसं झाली. टाक्यांना धार लावणारे लोहार, कपच्या वाहणारे, पाणी देणारे मिळवा, हजाराच्या आसपास जाल. राष्ट्रकूटांच्या राजाला हजार माणसं जड होती का? कैलास कोरवून घेणाऱ्या कृष्णराजानंतरही काम चालू राहिलं असं मानणारे अभ्यासक आहेत. तसं असेल तर माणसं आणखी कमी लागतील.

लोक चुकतात ते इथं: ते सगळा दगड फोडून भुगा केला असं समजतात. तसं कुणी करत नाही. तीन बाजूंनी चर खणायचे, मधला ठोकळा सुटा करायचा. दगडाला सांधे असतात, शीर असते. शीर बघून घाव घातला की ढलपाच्या ढलपा सुटतो. आणि काम वरून खाली, म्हणून पायाड बांधायला नको, ज्या दगडावर उभं राहायचं तोच उद्या काढायचा. वेरूळ_फाटा, पर्यटकांना आवाराच्या मागच्या भिंतीजवळ न्या. तिरपा उजेड असताना टाकीच्या रेघा दिसतात, एकाला एक लागून, तिरक्या. बोट फिरवलं की खाच लागते. मध्येच रेघांची दिशा बदलते, तिथं माणूस बदललाय किंवा त्यानं पवित्रा बदललाय. अजिंठ्याचं २४ नंबरचं लेणं अर्धवट राहिलंय, तिथं कामाच्या पायऱ्याच उघड्या दिसतात.

परळीकर

आता किरणांची बाजू मी बघतो, नाहीतर एकतर्फी होईल. सगळी नोकरी औष्णिक वीज केंद्रात केली, उष्णतेचा हिशोब हातचा आहे.

किरणांचं यंत्र माफ. एक किलो काळा पाषाण १२०० अंशांपर्यंत तापवून वितळवायला साधारण १६ लाख ज्यूल. दोन लाख टनांचे झाले ३ लाख २० हजार अब्ज ज्यूल. परळीचे चालू संच मिळून ७५० मेगावॉट. पूर्ण जोरात चालवले तर ही ऊर्जा पाच दिवसांत तयार होते.

फक्त पाच दिवस! ऊर्जेच्या मुद्द्यावर ही करामत नापास होत नाही, हे लेकरांना प्रामाणिकपणे सांगा. आकडा मोठा दिसला की "अशक्य" म्हणून मोकळं व्हायची सवय दोन्हीकडं आहे, परग्रहवाल्यांकडंही आणि त्यांना हसणाऱ्यांकडंही. आता बाईंचा तिसरा प्रश्न विचारा. खूण कुठाय? ६९ हजार घनमीटर लाव्हा वाहून कुठंतरी थिजला पाहिजे. उरलेल्या भिंतीवर वितळून गोठलेला थर पाहिजे. आतला दगड तापून तडकलेला पाहिजे.

मांजराकाठ

परळीकर काका, या खुणेचा नमुना आपल्या शेजारीच आहे. काळा पाषाण वितळून झटकन गार झाला की त्याची काच होते. लोणारला अशी काच सापडते. आघातानं काचेसारखी झालेली खनिजं तिथं सापडली, म्हणून तर १९७३ मध्ये तो खळगा उल्कापाताचा असल्याचा भक्कम पुरावा मिळाला. सारखाच दख्खनचा दगड, दोन्हीकडं. एकीकडं काच आहे, टाकीची रेघ नाही. दुसरीकडं टाकीच्या रेघा आहेत, काच नाही. लेकरांना दोन्हीचे फोटो शेजारी ठेवून दाखवा.

पैठण_वेस

आमच्या पैठणच्या कोकासाला विसरू नका! कृष्ण याज्ञवल्कींच्या कथाकल्पतरूत कथा आहे. राजा आजारी पडतो, राणी नवस करते, की राजा बरा झाला तर शंकराचं देऊळ बांधीन आणि शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा होतो. कारागीर म्हणतात, शिखर दिसायला कित्येक महिने लागतील. पैठणचा कोकास पुढं येतो आणि आठवड्यात शिखर दाखवतो, कारण तो वरून खाली कोरत येतो. ही करामत तपासा की.

पाटी_खडू

तपासली, आणि आकडे बघून मीच उठून उभी राहिले. टाकीचा_घाव यांच्या हिशोबानं रोज १३ घनमीटर, सात दिवसांत ९१. कळसाचा ३ मीटर लांब-रुंद चौकोनी भाग मोकळा करायचा, चारी बाजूंनी दीड मीटरचा चर. बाहेरचा चौकोन ६ गुणिले ६, आतला ३ गुणिले ३, वजाबाकी २७ चौरस मीटर. ३ मीटर खोल गेलो तर ८१ घनमीटर. आठवड्यात बसतं! राणी सातव्या दिवशी जेवू शकते. चरात एका वेळी किती माणसं मावतील ते लेकरांकडून काढून घेईन.

ज्या कुणी ही कथा पहिल्यांदा सांगितली त्याला वरून खाली कोरण्याचं काम माहीत होतं.

हरिपाठ

धागा वाचतोय. मन लावून लिहिताय सगळे. पण एक काळजी वाटते. उद्या एखादं लेकरू घटोत्कचाला मोजपट्टी लावेल. तो पडला तेव्हा त्याच्या देहाखाली कौरवांची एक अक्षौहिणी चिरडली असं महाभारतात आहे. मग त्याची लांबी काढतील, हाडं मोडली म्हणतील आणि व्यासांना खोटं ठरवतील. भावार्थाला वजनकाटा लावू नये.

अक्षौहिणीचेच आकडे बघा. रथ २१,८७०. हत्ती २१,८७०. घोडे ६५,६१०. पायदळ १,०९,३५०. कुठल्याही आकड्यातले अंक मिळवा, १८ येतात. पर्वं १८, युद्धाचे दिवस १८, दोन्हीकडच्या मिळून अक्षौहिणी १८. हा कुणी रणावर उभं राहून घेतलेला मोजमापाचा आकडा नाही. ही रचना आहे.

पाटी_खडू

हरिपाठ काका, अंकांच्या बेरजेचं मला माहीत नव्हतं. हे वर्गात सांगणार, तुमची हरकत नसेल तर. कुठला आकडा मोजलेला आणि कुठला रचलेला, हे ओळखणंही शिकवायलाच पाहिजे. कुणाच्या देवाला कसोटीवर ठेवणार नाही, हा शब्द. वेरूळचं प्रकरण वेगळं आहे. तिथं "हे तुमच्या पूर्वजांनी केलंच नाही" असा दावा आहे, आणि तो तपासायचा आपल्याला हक्क आहे.

राक्षसांसाठी साधा खेळातला राक्षस घेईन. माणसाच्या दहापट उंच केला तर वजन हजारपट, हाडाची जाडी मात्र क्षेत्रफळानं शंभरपट. म्हणजे हाडावर दहापट ताण. गॅलिलिओनं १६३८ मध्येच हे लिहिलंय. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ च्या निबंधात असाच हिशोब मांडलाय: मांडीचं हाड माणसाच्या साधारण दहापट वजनाला मोडतं, म्हणजे राक्षसाचं पहिल्याच पावलाला मोडणार. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

कोरडवाहू

बाई, हवेतून पाणी काढणारीचं काय झालं? आष्टीकडं राहतो. मे महिन्यात आमच्याकडं गाई-गुरांच्या डोळ्यात पाणी दिसतं, बाकी कुठं नाही. करामत करायचीच तर ही करा. खरंच हवेत किती पाणी असतं?

परळीकर

हा प्रश्न माझा. जन्म वाफेत गेलाय.

दुपारी ४० अंश, आर्द्रता २० टक्के धरा. ४० अंशांची हवा घनमीटरला जास्तीत जास्त ५१ ग्रॅम पाणी धरू शकते. वीस टक्के म्हणजे सुमारे १० ग्रॅम. दहा लिटरची घागर भरायची तर एक हजार घनमीटर हवा पिळावी लागेल, थेंब न सोडता. १० मीटर लांब, १० रुंद, १० उंच एवढं सभागृह. म्हणजे पाणी आहे, हे पहिल्यांदा मान्य करू.

आता खरी गोम. पाण्याची वाफ होताना जी उष्णता आत शिरते ती वाफेचं पाणी होताना बाहेर पडते. किलोला सुमारे २४ लाख ज्यूल. घागरीमागं २ कोटी ४० लाख. ही सगळी त्या सभागृहाच्या हवेतच राहिली तर हवा २१ अंशांनी तापेल. चाळीसची एकसष्ट! बाईनं हात फिरवला, घागर भरली, आणि शेजारी उभी असलेली माणसं भाजून निघाली. सिनेमात तर गार वारा सुटलेला दाखवतात. तो सुटायचा असेल तर उष्णता दुसरीकडं नेऊन टाकली पाहिजे. घरातला एसी हेच करतो: आत नळीतून पाणी ठिबकतं आणि बाहेरच्या डब्यातून गरम हवा येते.

कोरडवाहू

आणि लातूरच्या रेल्वेएवढं पाणी?

परळीकर

एप्रिल २०१६ पासून मिरजेहून आलेली जलदूत. ५० वाघिणींची गाडी म्हणजे २५ लाख लिटर. त्यासाठी पाव घन किलोमीटर हवा पिळावी लागेल: अर्धा किलोमीटर लांब, अर्धा रुंद, एक किलोमीटर उंच. बाहेर पडणारी उष्णता सुमारे १६ लाख ७० हजार युनिट विजेएवढी. परळीचे संच सव्वादोन तास पूर्ण चालले तर एवढी वीज होते. त्या जागी हवा तापून वर उसळेल, बाजूची हवा आत ओढली जाईल. ढग असाच वाढतो. आभाळातून पाणी पडताना ही उष्णता नेहमीच सुटत असते, ती वर सुटते म्हणून आपल्याला चटका बसत नाही.

२०१५ आणि २०१९ मध्ये औरंगाबादहून विमानं उडवून ढगांत सिल्व्हर आयोडाइड फवारलं, ते याच गणितात बसवून बघा. ते बी आहे. थेंबाला धरायला जागा देतं. ढगच नसेल, खालून बाष्प येत नसेल, तर बी कशावर रुजणार?

कोरडवाहू

आता कळलं. त्या वर्षी आम्ही विमानाकडं बघत बसलो होतो, आभाळ मात्र निरभ्र. हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पाटी_खडू

घागरीचं गणित विज्ञान दिनाला पहिलं ठेवते. वर्गाची लांबी-रुंदी-उंची लेकरं मोजतील, आर्द्रता ओल्या-कोरड्या तापमापीवर काढतील आणि आपल्या वर्गाच्या हवेत किती तांबे पाणी आहे ते फळ्यावर लिहितील.

टाकीचा_घाव, एक विचारायचं होतं. तुमचा "दिवसाला एक घनफूट" हा धरलेला आकडा आहे. तो मोजता येईल का? खरी टाकी, खरा काळा पाषाण, एक तास.

टाकीचा_घाव

येईल की. लेकरांना घेऊन या, नाहीतर मीच दगड घेऊन येतो, आमच्या खदानीत पडलेले आहेत. सांधा नसलेला एक आणि शीर असलेला एक, असे दोन आणतो, फरक दिसला पाहिजे. तासाभरात निघालेल्या सगळ्या कपच्या गोळा करायच्या, भुकटीसकट, आणि काठोकाठ भरलेल्या बादलीत सोडायच्या. बाहेर सांडलेलं पाणी मापलं की दगडाचा आकार मिळाला. टाकीला धार किती वेळा लावावी लागली तेही लिहून ठेवायचं, लोहार किती लागले असतील ते त्यावरून निघतं. पण सलग दिवसभर कुणी पहिल्या तासाच्या जोरानं मारत नाही, तेव्हा सकाळचा एक तास आणि दुपारचा एक तास वेगळा मोजू.

चष्मे मात्र प्रत्येकाला पाहिजेत, बघणाऱ्यालासुद्धा. कपची कुठं उडेल सांगता येत नाही.